देवीलालभाऊंच्या जीपचं इंजिन

२८ नोव्हेंबर २००५

मिळालं! गॅरेजवाल्या गनीचाचांनी देवीलालभाऊंच्या जीपचं अख्खं इंजिन माझ्या हवाली केलं. खोलायचं मी, बांधायचंही मी! "चाललं तं तू या गॅरेजची मिस्त्री. नाही तं आयटीआय सुटल्यावर दुसरं पाह्य."

चालणारच. मोटर मेकॅनिकच्या वर्गात मुलगी मी एकटी, आणि माझ्यासारखा हात कुणाचा नाही. कुणासमोर म्हणत नाही. वहीत म्हणायला काय जातंय?

२९ नोव्हेंबर

देवीलालभाऊ दारव्हा–नेर सवाऱ्या नेतात. मला इंजिनवर वाकलेली पाहून भडकले. "पोरीच्या हाती देल्ली माह्यी गाडी?" चाचा म्हणाले, "गाडीले का मालूम, पोरगी हाय का पोरगा!"

१ डिसेंबर

पुसायला चाचा फक्त जुनं धोतर देतात, तेही धुवून धुवून. आज संपलं. आमच्या पुढच्या खोलीत कापूस छताला टेकलाय – भाव नाही म्हणून बाबा विकायला काढत नाहीत. पिशवीभर घेऊन गेले. पांढराशुभ्र! चाचा नमाजाला गेले होते. इंजिन आतून लख्ख पुसून काढलं.

३ डिसेंबर

पहिल्याच चावीत सुरू! बाबांनी शेजारी गूळ वाटला.

५ डिसेंबर

नेरच्या वाटेवर ऑइलचा लाल दिवा लागला. देवीलालभाऊंनी तिथंच गाडी बंद केली म्हणून इंजिन वाचलं. ओढून आणली.

चाचांनी इंजिनखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. ज्या जाळीतून तेल वर चढतं, ती कापसाच्या बोळ्यानं बंद! चाचांनी बोळा चिमटीत धरून ओढून पाहिला. "धागा लांब हाय. तुह्याच वावरातला ना?"

लाजेनं कान तापले. "हो चाचा. मीच पुसलं."

"धोतर निघून येते, बेटी. कापूस चिकटून राह्यते, मंग तेलासंगं खाली उतरते."

देवीलालभाऊ कडाडले, "आता हिले हात नको लावू देऊ!" चाचा शांत. "खोलन तं हेच खोलन. कापूस कुठं कुठं फिरवला, हिलेच माहीत."

८ डिसेंबर

कोपरा न् कोपरा साफ केला, आईचं जुनं लुगडं फाडून. रडले नाही. म्हणजे एकदा रडले, गाडीखाली – तिथं कोण बघतं?

गाडी मस्त चालते आहे. देवीलालभाऊ माझ्याकडे न बघता घेऊन गेले. मी चाचांना विचारलं, आता झाले ना मिस्त्री? म्हणाले, "चालते हे मले माहीत, तुले माहीत. गाडीच्या मालकानं मानलं, मंग मिस्त्री."

मानतील. न मानून सांगतात कुणाला!

१४ डिसेंबर

यवतमाळ. सरकारी दवाखान्यातल्या बाकावर लिहिते आहे. सकाळी देवीलालभाऊ धावत गॅरेजात आले. बायकोला, रुपीबाईला, कळा सुरू झालेल्या. "चाल व, संगं बाईमाणूस पाह्यजे." स्टँडवर दुसऱ्या जीपा रिकाम्या उभ्या होत्या. त्यांनी आपलीच काढली. मागच्या सीटवर रुपीबाईचा हात धरून मी रस्ताभर ऑइलचा तो लाल दिवा लागतो का, पाहत होते. देवीलालभाऊंनी तिकडे एकदाही पाहिलं नाही.