दादाच्या साक्षीला हरकत

४ मार्च
जिंकलो! केस नाही, नुसता अर्ज. पण वकिलांनी पेढे मिळाल्यासारखं तोंड केलं.

आम्ही बांधून दिलेल्या शीतगृहात फूलवाल्याचा सगळा माल सडला. त्याचं म्हणणं, दाराचं रबर खराब आहे हे आम्हाला माहीत होतं. माहीत होतंच. दादानं तेव्हाच बजावलं होतं. मी दामटून तेच दार बसवून दिलं, त्यावरून आमचं वाजलं आणि दादा घरचा कारखाना सोडून गेला. आता फूलवाल्याला त्याचीच साक्ष हवी होती, म्हणून त्यानं मुदत मागितली. आम्ही हरकत घेतली — साक्षीदाराला अर्धांगाचा झटका आलाय, बोलता येत नाही, थांबून काय उपयोग? लवादाच्या बाईंनी मानलं.

बोलता येत नाही हे वकिलांना कुणी सांगितलं? मी. मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. झटका आल्यापासून मी सख्ख्या भावाकडे फिरकलेलीसुद्धा नाही.

६ मार्च
फूलवाला अपिलात जाणार म्हणे. वकील हसले. "जाणार कुठे? हा निवाडा थोडाच आहे? कामकाजाचा आदेश. त्यावर अपील नसतं, ताई. शेवटचा निवाडा लागल्यावर काय रडायचं ते रडू दे."
मीही हसले. जेवण गेलं नाही.

७ मार्च
दादाच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आले. भित्री!

९ मार्च
आज गेले. दार वहिनीनं उघडलं. "वाट चुकलीस?" एवढंच म्हणाली.

दादा खिडकीशी बसला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला पाहून म्हणाला, "वा-ळ-लीस." बोलला! सावकाश, जड, पण बोलला. मग विचारलं, "माझी साक्ष... कधी?"

मी पाण्याचा पेला उचलला. रिकामा होता. तोच तोंडाला लावला.

स्वयंपाकघरात वहिनी हळूच म्हणाली, "नकार आलाय हे त्यांना सांगितलेलं नाही. साक्ष द्यायची म्हणून रोज जीभ वळवत बसतात. म्हणतात, तिथं तरी नीट बोलायला हवं. कुणाच्या पोटात दुखलं गं, त्यांनी बोलू नये म्हणून? तूच सांग त्यांना, तुझं ऐकतील."

नाही सांगितलं. चहा पिऊन आले. चहा पिऊन!

१० मार्च
वकिलांना विचारलं, अपील नसेल तर आदेश बदलतच नाही का?
"बदलतो ना. बाईंचा आदेश, बाई बदलू शकतात. पण मागायला आपण जायचं? ताई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय!"
"तो बोलतो. मी ऐकलंय."
त्यांनी पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण मी हे लिहिणार नाही की आपण खोटं बोललो."
मीही आग्रह धरला नाही.

१४ मार्च
बाईंनी परवानगी दिली. वर आमच्या समंजसपणाचं कौतुक केलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

१९ मार्च
उद्या साक्ष. वकिलांचा फोन — "बोलणं अस्पष्ट वाटलं तर नोंदीत घेऊ नका म्हणेन. चालेल?"
नको म्हणायचं होतं. "बघा तुम्ही," म्हटलं.
काय माणूस आहे मी!

२० मार्च
एक वाक्य बोलता बोलता दादा घामाघूम झाला. वकील लगेच उठले, "काहीच कळत नाही, नोंदीत घेऊ नये."
बाईंनी टेबलाभोवती नजर फिरवली. "कुणाला कळलं?" फूलवाल्यानं मान खाली घातली. वहिनीला बाहेर बसवलं होतं.
मी उभी राहिले. "मला कळलं. तो म्हणाला — मी बहिणीला सांगितलं होतं, तिनं ऐकलं नाही. लिहून घ्या."