दोन आज्यांचा पाऊस

प्रिय विहीणबाई,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, लगेच हुरळून जाऊ नका. फोनच केला असता, पण पावसाळ्यात आमच्या पाटणच्या खोऱ्यात रेंज धड राहत नाही, आणि तुमचा आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं. दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी. अक्षर लागलं नाही तर सुनेकडून वाचून घ्या. नको, तुम्हीच वाचा.

विषय आपल्या नातीचा, क्रांतीचा. इस्लामपूरच्या शाळेत तिच्या बाईंनी तिसरीच्या पोरांना पावसाचा प्रकल्प दिला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पुस्तकातला पाऊस वाचायचा नाही, खरा मोजायचा. बाटली कापायची, तिला पट्टी चिकटवायची, पाहुण्यांच्या गावी ठेवायची आणि रोज सकाळी फोन करून विचारायचं. पोरीनं दोन बाटल्या केल्या. एक मला, एक तुम्हाला कवठे महांकाळला. मी मनात म्हटलं, विहीणबाई हरल्या! आमच्याकडं एकदा लागला की कपडे चुलीपुढं वाळवावे लागतात. तुमच्याकडं ढग येतात ते वाट चुकल्यासारखे, बघतात न् पुढं जातात.

पहिल्याच दिवशी माझी बाटली काठोकाठ. मी ऐटीत सांगितलं, तर दुपारी बाईंचा फोन. आजी, बाटली कुठं ठेवलीय? म्हटलं, पागोळीखाली, पाणी तिथंच पडतं की! बाई हसल्या. ते कौलावरचं पाणी झालं म्हणे, आभाळाचं नव्हे, उघड्यावर ठेवा. एवढं पाणी पडलं आणि हिशेबात धरलंच नाही. तुम्ही मात्र पहिल्यापासनं अंगणाच्या मधोमध, शेळीनं पाडू नये म्हणून भोवतीनं विटा लावून ठेवलेली. क्रांतीनं ते मला इतक्यांदा ऐकवलं की त्या विटा माझ्या डोक्यात बसल्या.

पुढं उघड्यावर ठेवूनसुद्धा माझी बाटली भरत होती. पोरगी विचारायची किती, मी सांगायची, ती म्हणायची बरं आजी, ठेवते. झालं. तुमच्याशी मात्र तिचं संपतच नसे. संयोगितानं सांगितलं मला, आणि ती तुमची लेक, तुमच्याविषयी खोटं कशाला सांगंल. शाळेची रिक्षा दारात हॉर्न मारत उभी आणि पोरीचं आपलं चाललेलं, ढग कुठल्या अंगाला होते, वारं कसलं सुटलं, मुंग्यांनी अंडी हलवली का, बाजरीनं मान टाकली का. आवं, तुमच्या बाटलीत काही नसतं म्हणून बोलायला एवढं असतं! इथं आभाळ फाटलंय, पण म्हातारे, भातलावणीला चिखलात दिवसभर वाकलीस, कंबर कशी आहे, असं एकानं विचारलं नाही.

मागल्या आठवड्यात इस्लामपूरला गेले तेव्हा शाळेत डोकावले. भिंतीवर गावागावाच्या पावसाच्या निळ्या कागदी पट्ट्या लावलेल्या. माझी पट्टी छताला टेकून वर वाकलेली. तुमची कसली पट्टी, नखाएवढं चिटोरं. पण पोरांचा घोळका तुमच्या चिटोऱ्यापाशी! एक दिवस तुमच्याकडं चार थेंब पडले तर म्हणे सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. आणि कोरड्या दिवसांची शून्यं क्रांतीनं कशी काढलीत, गोल, गरगरीत, रांगोळीचे ठिपके जसे. माझे आकडे घाईत खरडलेले. मला इतका राग आला की बाईंनी दिलेला चहा मी अर्धा ठेवून उठले. पाण्यानं मोठी झाले आणि कवतिकात कोरडी राहिले.

आता मुद्द्याचं. उद्या शाळेत प्रकल्प मांडायचा आहे. एकेका पोरानं घरचं एकच माणूस आणायचं आणि त्यानं आपल्या गावच्या पावसाविषयी बोलायचं. क्रांतीनं तुमचं नाव दिलं. माझं नाही. आणि तुम्ही काय केलंत, तर निरोप धाडलात की बाजरी वाळली, चार माणसांत रिकामी बाटली घेऊन कुठं उभी राहू, पाटणच्या आजीला न्या. परवा पोरगी मला म्हणाली, आजी, मग तूच ये. आवाज असा, की आजारी माणसानं भाताची पेज मागावी. खोटं कशाला बोलू, मी ठेवणीतलं लुगडं काढलं, घडी मोडली, नेसले, आरशात बघितलं आणि फेडून ठेवलं. दुसऱ्यानं नको म्हटलेलं ताट ओढून घेणारी बाई मी नव्हे. बोलवायचं तर मला म्हणून बोलवावं, नाहीतर राहू दे. तर उद्या तुम्हीच जायचं. हे पत्र घेऊन माझा लेक कृष्णात तुमच्या दारात उभा आहे, गाडी बाहेर आहे. त्याला भाकरी घाला, बाटली पिशवीत घाला आणि बसा गाडीत. लाजंपायी बाटलीत पाणीबिणी ओतू नका, पोरीला कळतं. तिथं तिनं माझं नाव काढलं तर मला कळवा. नाही काढलं, तर कळवू नका.

तुमचीच, इलाज नाही म्हणून,
शालूबाई