संकल्पातलं नाव

७ ऑक्टोबर, मंगळवार
काल लिहिलं की संकल्प एका दमात म्हटला. ते खरं नाही. आजारी माणसाचं नाव घेण्याच्या जागी मी अडखळले आणि मग घाईनं पाणी सोडलं. माझ्या वडिलांनी, बाबूजींनी, घरीच सगळं शिकवलं, तेव्हा सांगायचे की मंत्र म्हणजे पत्र आणि संकल्प म्हणजे त्यावरचा पत्ता.
बाकी सगळं छान आहे. जागेश्वरच्या वरच्या अंगाला देवदारांत हे एकटंच घर. बाबूजींचा आवाज गेला म्हणून त्यांच्या जागी मी आले; परक्या घरी जपाला बसायची माझी ही पहिलीच वेळ. या घरच्या आजी, खष्टी आमा, दोन महिने डोळे मिटून पडून आहेत. त्यांचा मुलगा फौजेत. सून जानकीवहिनी मला पाहून हसल्या. म्हणाल्या, बाबूजींनी दाढीवाला पंडित पाठवायचा तर ही काडी पाठवली, सव्वा लाख मृत्युंजय पेलणार का हिला?
छपरावर काकडीचा वेल आहे. फळं पिवळी झाली आहेत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
आमांनी डोळे उघडले! मोहरी लावलेलं काकडीचं रायतं मागितलं. वहिनी म्हणाल्या, जन्मात मोहरीला शिवली नाही ही बाई. पंडितीण, जीभ बदललीस तशी जरा स्वभावही बदल की सासूचा!
मी हसले. जेवताना मात्र आठवलं, मोहरी ईजाला, माझ्या आईला, आवडायची. माघात ईजा गेली, तेव्हापासून मी कुणाबरोबर हसले नव्हते.

१३ ऑक्टोबर, सोमवार
जपाला बसले होते. मागून आमांनी विचारलं, मोजे घातलेस का?
हे ईजा विचारायची. रोज. आई गं—
आता कळतं. तिच्या आजारात सहा महिने मी रोज हाच संकल्प सोडला. जिभेला वळण तेच. गेल्या सोमवारी मी खष्टी नाही म्हटलं. देवकी म्हटलं. ईजाचं नाव.

१५ ऑक्टोबर
मुलाचा फोन आला. आमांनी विचारलं, हा कुणाचा मुलगा? वहिनी चुलीपाशी रडल्या. खालून आलेल्या वैद्यांनी आमांची नाडी दोनदा पाहिली, पैसे न घेता उतरून गेले.
काकड्या सडल्या, तरी देठ सोडत नाहीत. मी ओढून पाहिलं. मृत्युंजय मंत्रातली काकडी तर पिकली की आपोआप सुटते.

१७ ऑक्टोबर
आमांच्या हातांनी तिनं माझी वेणी घातली. बोटं बर्फ. घट्ट घातली, ईजासारखी.
आजही तीस माळा केल्या. चूक ठाऊक असून केल्या. वहिनींना सांगितलं नाही. हे लिहायला लाज वाटते.

१८ ऑक्टोबर
दुपारी त्याच तोंडातून दुसरा आवाज आला. खोल, विहिरीतून आल्यासारखा. जानकी, मला जागा नाही गं, ही बाई कोण? वहिनींनी ऐकलं. मग ईजा हसली आणि तो आवाज—
खष्टी आमा आत आहेत. जिवंत.

१९, रविवार
बाबूजींनी शिकवलेला उपाय एकच. पुन्हा पाणी, पुन्हा संकल्प, खरं नाव. मग ईजा जाईल. दुसऱ्यांदा. माझ्या तोंडानं.
ती दारात उभी आहे. विचारते काय लिहितेस. पायांत मोजे नाहीत माझ्या, तिनं पाहिलं—
उद्या. सोमवार, २० ऑक्टोबर, उजाडताच. खष्टी म्हणेन. खष्टी, खष्टी, दे—