मेंटल कपाटात आहे

सोलापूर, गुरुवार

तीर्थरूप सिद्धलिंगप्पा मामांना महेश्वरीचा शरणार्थ.

तुमचा गुडघा आता होटगी स्टेशनाचा जिना चढू देतो का? काशम्मा मामींचा खोकला गेला का? त्यांनी पाठवलेल्या कडक भाकऱ्या आईने माझ्यापासून लपवून ठेवल्या आहेत, यावरून त्या उत्तम झाल्या असणार. आम्ही इकडे मजेत आहोत (आई सोडून, तिला माझ्यामुळे नवी पेठेत तोंड दाखवायची चोरी झाली आहे).

तुमच्यापर्यंत दोन बातम्या आल्या असतील. एक, महेश्वरीला वेड लागलं. दोन, महेश्वरीने कॉलेजात एका वेड्याला कोंडून ठेवलं. दोन्ही खोट्या आहेत. खरं काय झालं ते सांगते. बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात ॲक्टिनाइड मूलद्रव्यं अगदी शेवटी उरकली आहेत. आवर्तसारणीतही त्यांना खाली वेगळ्या पंगतीला बसवलंय. युरेनियम, थोरियम अशी भारदस्त मंडळी, पण परीक्षेला फारसं येत नाही म्हणून सगळे पान उलटतात. मी उलटणार नव्हते. मुलांना थोरियम डोळ्यांनी दाखवायचं ठरवलं, आणि मला तुमच्या गॅसबत्त्या आठवल्या. तुम्ही लग्नाच्या वरातींना भाड्याने द्यायचात त्या. बत्तीतली ती रेशमी जाळीची पिशवी, जिला सगळा जिल्हा मेंटल म्हणतो, ती थोरियमच्या क्षारात भिजवलेली असते. कापड जळून जातं, थोरियम ऑक्साइडचा सांगाडा उरतो आणि कितीही तापला तरी न वितळता पांढरा लख्ख उजेड देतो. थोरियमचा स्वभावच तसा. युरेनियमची संयुजा ठरलेली नाही, समोरचा माणूस बघून ते अधिक तीनपासून अधिक सहापर्यंत कुठेही तडजोड करतं. थोरियम अधिक चारवर बसलं की बहुधा हलत नाही. मला हे मूलद्रव्य का आवडतं, ते तुम्ही ओळखलं असेलच.

तर नवी पेठेत फिरून दोन मेंटल मिळवले, काचेच्या बरणीत बंद करून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवले आणि पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला. दोन मेंटल मिळालेत, कपाटात कोंडलेत, नाजूक आहेत, उद्या वर्गापुढे उभे करते, तू किरणोत्सार मोजायचं यंत्र पाठव, असं बोलले. आमचा शिपाई ज्ञानू दाराशी होता. तो तडक प्राचार्य राजशेखर सरांकडे गेला.

"सर, म्याडमनी दोन मेंटल कोंडल्यात की कपाटात. उद्या पोरांम्होरं उभं करणार हायत."

मी पोचले तेव्हा सर कपाटापुढे वाकून, आतल्यांना कळेल अशा मायेने, घाबरू नका, आम्ही तुम्हाला घरी सोडतो, असं सांगत होते. ज्ञानू मागे पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. मी कपाट उघडलं, बरणी हातात दिली आणि खुलासा केला. इथे माझं चुकलं असं आई म्हणते. कारण थोरियम किरणोत्सारी असतं, हेही मी अभिमानाने सांगितलं. सरांनी बरणी टेबलावर ठेवली आणि दारापर्यंत उलट्या पावलांनी गेले. संध्याकाळपर्यंत पालकांचे फोन सुरू. बारावीच्या बाई अणुबॉम्बचं सामान आणतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. चूक झाली, पुन्हा असं काही आणणार नाही, एवढं सोमवारपर्यंत लिहून द्यायचं; नाहीतर बारावीचा वर्ग अंकिता मॅडमना. मामा, तो वर्ग मी पहिल्या दिवसापासून वाढवलाय. तो गेला तर मला फार लागेल, हे तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. पण चूक झालीच नाही तर लिहू काय? मी सरांना म्हणाले, "लिहून हवं असेल तर थोरियमची सगळी संयुगं लिहून देते, चूक झाली हे लिहिणार नाही."

आता स्टाफरूममध्ये मला मेंटल मॅडम म्हणतात. घरी आई हुच्ची म्हणते. म्हणजे मराठी आणि कन्नड, दोन्हींत माझ्यावर एकमत झालंय. मला वाईट वाटत नाही. होटगीत तुम्हाला सगळे मेंटलमामाच म्हणतात, आणि तुमच्या उजेडात निम्म्या तालुक्याची लग्नं लागली. मी माफी मागणार नाही. अधिक चार.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
महेश्वरी

ता. क. : आज यंत्र आलं. बरणीजवळ धरलं तर ते गप्प. बरणी उघडून धरलं, तरी गप्प. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "आता थोरियम घालत न्हाईत म्याडम, नवा माल हाय." म्हणजे सगळं सोलापूर ज्याला घाबरलं त्यात थोरियम नाहीच. हे सरांना सांगितलं तर आत्ता प्रकरण मिटेल आणि वर्ग माझ्याकडेच राहील. सांगणार नाही. आधी मुलांना टिकटिक ऐकवीन, मग खुलासा करीन.

ता. क. दुसरा : तुमच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात जुने, थोरियमवाले मेंटल आहेत, ते सोमवारी सकाळी घेऊन याच. एक बत्तीही आणा, मला पंप मारता येत नाही. बाहेर मैदानात पेटवू. जुना मेंटल हातात चुरगळू नका आणि राख फुंकू नका (तुम्ही जन्मभर फुंकलीत, ते आता राहू द्या). गेटवर ज्ञानू अडवेल आणि काय आणलंय विचारेल. खरं तेच सांगा.