ताईची शेवटची बॅग

प्रिय ताई,

तुझं वर्षश्राद्ध झालं आणि त्याच आठवड्यात तू भरलेली मुरघासाची शेवटची बॅग मी फोडली. आज चार दिवस झाले. चार दिवस मी आत्याबाईंशी एक खोटं बोलतेय. घरात कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला लिहितेय. तू काही उठून भांडायला येणार नाहीस!

आधी तुझ्यावरचा राग काढू दे. सख्ख्या बहिणी आणि वर सख्ख्या जावा, म्हणजे माझी सुटका कुठंच नव्हती. माहेरी आई म्हणायची, थोरलीकडं बघून शीक. सासरी आत्याबाई तेच म्हणायच्या. दोघींचे नवरे वाळूजला कंपनीत, गाई आपल्या दोघींच्या अंगावर. मी धारेला बसले की चंद्री लाथ झाडायची, आणि तू नुसता पाठीवरून हात फिरवलास की पान्हा सोडायची. गाईनंसुद्धा बाजू घ्यावी?

आणि तुझा तो मुरघास! उन्हाळ्यात गाईंना घालायच्या चाऱ्याची बेगमी म्हणून पावसाळ्यातच मका, हत्तीगवत आणि चवळीची कुट्टी करायची, औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणलेल्या मोठ्या बॅगेत थरावर थर घालून पायानं तुडवायची, आत हवा न ठेवता तोंड आवळायचं. तुडवायला मी, घामाघूम मी. तू मात्र मूठभर कुट्टी दाबून बघायचीस, वास घ्यायचीस, पुन्हा दाबायचीस. मला वाटायचं, मिरवतेय नुसती. उन्हाळ्यात बॅग उघडली की गावातल्या बायका म्हणायच्या, "थोरलीच्या हाताला लई गुण हाय." माझ्या पायांचं नाव कुणी काढलं का गं?

तू गेलीस तेव्हा तुझ्या बॅगांपैकी एक शेडच्या कोपऱ्यात तशीच राहिली होती, आत्याबाईंना ते ठाऊकही नव्हतं. पुढच्या भादव्यात मी माझ्या दोन भरल्या. खरं सांगू? तू नाहीस म्हणून जीव तुटत होता, आणि आता तरी माझं नाव होईल असंही वाटत होतं. तू मका आणि हत्तीगवताच्या चार भाऱ्यांना चवळीचा एक भारा घालायचीस. मी दोन घातले. दूध तुझ्यापेक्षा जास्त निघायला हवं होतं ना! पावसानं जरा उघडीप दिली तशी चवळी कापली आणि ओलीगच्च तशीच कुट्टीत घातली.

तू एकदा म्हणाली होतीस, "मंदे, चवळी अर्धा दिस बांधावर कोमेजू दे गं. वली भरली तं सडंल." त्यावर मी काय म्हणाले, आठवतं? "तुझं तू बघ, मला नको शिकवूस." त्यानंतर तू पुन्हा कधी सांगितलं नाहीस. का गं? कान धरून सांगायचंस!

यंदा माझी बॅग उघडली तर आत काळपट, चिकट लगदा. वास असा की मीच पदर नाकाला लावला. चंद्रीनं हुंगलं आणि मान फिरवली. दुसरी बॅगही तसलीच निघाली. आत्याबाई देवळात गेल्या होत्या तेवढ्यात सगळं उकिरड्यावर नेऊन टाकलं. त्यांना सांगितलं, एक बॅग उंदरांनी कुरतडली, दुसरी चांगली आहे.

ती चांगली म्हणजे तुझी. तिचं तोंड सोडताना मी देवाजवळ काय मागत होते, माहीत आहे? हीसुद्धा नासलेली निघू दे. तू जाऊन वर्ष झालं तरी एवढी जळत होते मी! सुतळी सुटली आणि आंबिलीसारखा आंबूस वास शेडभर झाला. कुट्टी पिवळसर हिरवी, मूठ दाबली तर पाण्याचा थेंब नाही. चंद्रीनं घमेल्यात तोंड घातलं ते वर काढलंच नाही. मी तिथंच बसून रडले. तुझ्यासाठी की माझ्यासाठी, ते अजून कळलेलं नाही.

आत्याबाईंना आता धड दिसत नाही. बाजेवरूनच त्यांना वास गेला.

"मंदे, तू भरलेला का गं ह्यो?"

"व्हय."

"लई चांगला साधला. थोरलीच्या वरचढ झालीस बघ."

लग्न झाल्यापासून ज्या शब्दांची वाट बघितली, ते आले, ताई, आणि तुझ्याच बॅगेवर आले! आत्याबाई येईल त्या शेजारणीला हेच सांगतात. मी खाली मान घालून ऐकते. लाज वाटते. आणि ऐकायला गोड लागतं, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

बॅगेत अजून दहा-बारा दिवसांचा चारा आहे. तळ लागायच्या आत मी आत्याबाईंना खरं सांगेन, उकिरड्यावरचंही सांगेन. येत्या भादव्यात चवळी बांधावर कोमेजू देईन, चारांना एकच भारा घालेन, मूठ दाबून बघेन. हा माझा शब्द.

पण सांगताना एवढंही सांगणार आहे मी: भरला ताईनं, तुडवला होता मी. तेवढं माझं मला राहू दे गं.

तुझी, अजूनही जळणारी,
मंदा