पिवळ्या गोळ्यांची डबी

सिस्टर,

दोन गोळ्या एकत्र दिल्या तर मूत्रपिंड जास्त टिकतं का, ही तुमची चाचणी. बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या तुम्ही दोनदा मोजता. इतक्या काळजीनं मी माझे उरलेले दातही मोजत नाही.

परवा एकजण गोळी विसरलो म्हणाला. तुम्ही रागावला नाहीत. "खरं सांगितलंत, बरं झालं. यावरच पुढच्या पेशंटांचं औषध ठरणार." मग माझी बाटली पाहून म्हणालात, "आमचे आजोबा कध्धी चुकत नाहीत!"

ते खरं नाही. दोन्ही एकदम घेतल्या तर अपाय होईल या भीतीपोटी महिनाभर पिवळी गोळी मी न गिळता चष्म्याच्या डबीत टाकतोय.

पत्र पाठवणं म्हणजे तोंड लपवणं. हे खिशातच राहील. उद्या डबी घेऊन येतो. दोनदा मोजा.

तुमचा भित्रा आजोबा