दारातलं फिनाईल

रायपूर, मंगळवार, संध्याकाळ

शी! स्वतःचीच किळस येऊन राहिली. उरल्याच्या कारखान्यातून दादा ड्युटी सुटल्यावर मले पाहायला थेट आला. त्याच्याच पेशी लॅबमध्ये बदलून मले दिल्या, त्याच आता माझी प्रतिकारशक्ती नव्यानं उभी करून राहिल्या. अजून ती कच्ची आहे, म्हणून दादा दारातच थांबला. ते बरोबरच. पण आमच्या ह्यांनी तो उभा असतानाच पायरीवर फिनाईल ओतलं! त्याच्या चपलांवर उडलं.

"हव, कारखान्याची धूळ आहे न," दादाच ओशाळला.

मी काहून गप्प बसली? फिनाईल मलेही हवंच होतं का? हो, हवं होतं.

नंतर फोन केला. "दादा, चुकलं माझं."

"पागल, आजचा रिपोर्ट कसा आला ते सांग आधी."